तांबड्या उजेडातील दुरुस्ती

माझे यजमान छायाचित्रकार आहेत. ‘होते’ असे लिहिणे अधिक बरोबर ठरले असते, कारण दुकान बंद होऊन बराच काळ लोटला. परंतु तसे त्यांच्यासमोर म्हणण्याची सोय नाही. आमच्या घराच्या मागील बाजूस, जिथे इतर कुटुंबांत अडगळीची खोली असते, तिथे त्यांची डार्करूम आहे. तिला खिडकी नाही. दारावर जाड काळा पडदा आहे. आत केवळ तांबडा दिवा जळतो, कारण फोटोच्या कागदाला तांबडा उजेड बाधत नाही. पांढरा दिवा तिथे पूर्वी होता. एका पाहुण्याने चुकून त्याचे बटण दाबले आणि नव्या कागदाचा अख्खा डबा वाया गेला. तेव्हापासून त्या खोलीत पांढरा दिवा नाही, आणि त्या पाहुण्याचे नाव आमच्या घरात नाही.

या खोलीत एन्लार्जर नावाचे यंत्र भिंतीला बोल्टने पक्के बसवलेले आहे. वर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यातून दिव्याचा उजेड खाली कागदावर पाडायचा, म्हणजे लहान चित्राचे मोठे होते. तो दिवा घरच्या विजेवर थेट चालत नाही. मध्ये एका लोखंडी पेटीत ट्रान्सफॉर्मर असतो, तो विजेचा जोर कमी करून देतो. हे मी सविस्तर सांगते, कारण या एका पेटीने आमच्या नाकी नऊ आणले.

माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्या परदेशात असलेल्या आपल्या मुलाकडे कायमच्या राहावयास निघाल्या होत्या. शनिवारी सकाळी त्या जाणार होत्या. त्यांना माहेराहून एकच वस्तू हवी होती, ती म्हणजे आईचा मोठा फोटो. सासूबाईंचा फोटो एकच आहे. यजमान शाळेत असताना त्यांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्याने तो काढला. सासूबाई दारात उभ्या आहेत. ऊन तोंडावर येते म्हणून त्यांनी हात कपाळाशी धरला आहे, आणि त्या हाताची सावली नेमकी डोळ्यांवर पडली आहे. लहान फोटोत डोळ्यांच्या जागी केवळ काळोख दिसतो. यजमानांचे म्हणणे असे की, मोठा प्रिंट करताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा डोळ्यांपुरता उजेडाच्या आड हलवत धरला, तर तेवढा भाग कमी काळा होऊन डोळे उघडतील. हे ते अनेक वर्षे म्हणत आले होते. वन्सं खनपटीला बसल्या की ते अधिक चांगला कागद मिळण्याची वाट पाहत असत. आता वाट पाहण्यास फक्त तो एक आठवडा उरला होता.

आठवड्याच्या आरंभी त्यांनी काम हाती घेतले, आणि दिवा मध्येच मंद होऊ लागला, मध्येच भडकू लागला. पेटीतून भुंग्यासारखा आवाज येई व जळका वास सुटे. एक प्रिंट पांढराफटक आला, तर दुसरा कोळशासारखा. यजमानांनी दिव्याचा बल्ब बदलला. पेटीवर थापा मारल्या. नंतर ते जेवावयास आले नाहीत. बाजारात कॉम्प्युटरवर फोटो मोठे करून देतात, तिथे द्यावा, असे मी सुचवले. जणू मी सासूबाईंनाच बाजारात नेऊन बसवते आहे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी तो विषय सोडला.

मागच्या गल्लीत मोटारी आणि पंखे दुरुस्त करणारे एक वाइंडिंगवाले आहेत. त्यांनी जळालेली तार काढून ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून दिला. त्यातून चार पांढऱ्या वायरी बाहेर येत होत्या. दोन घरच्या विजेला जोडावयाच्या, दोन दिव्याला. कोणत्या कुठल्या हे कळावे म्हणून विजेच्या दोन वायरींवर त्यांनी रंगाची खूण केली, आणि दुकानातच दिवा लावून दाखवला. उजेड स्थिर होता. यजमान आनंदाने पेटी घरी घेऊन आले, डार्करूममध्ये गेले, त्यांनी पडदा ओढला. थोड्या वेळाने फ्यूज उडाला व साऱ्या घराचे पंखे थांबले.

त्यांचे म्हणणे असे की वायरींवर खूण नव्हतीच. ते पेटी पिशवीत घालून परत दुकानात गेले. वाइंडिंगवाल्यांनी खूण आहे असे सांगितले. यजमानांनी तो उद्धटपणा मानला. वाद नको म्हणून त्या गृहस्थांनी खुणेवर पुन्हा रंग लावला. घरी आल्यावर खूण पुन्हा नाहीशी. यजमानांनी अंदाजाने वायरी जोडल्या. या वेळी फ्यूज गेला नाही, परंतु दिवाही लागला नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा फ्यूज. हा माणूस रंगसुद्धा भेसळीचा वापरतो, गल्ली ओलांडेपर्यंत उडून जातो, असे ते मला सांगू लागले. दार उघडे ठेवून वायरी जोडाव्यात, असे मी म्हटले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की त्यांचे हात तांबड्या उजेडात तयार झाले आहेत, त्यांना तिथेच नीट दिसते.  मी फ्यूजची तार आणून ठेवली.

वन्संचा फोन रोज संध्याकाळी येत असे. यजमान तो माझ्या हाती देत.

“बाळ्याला सांग,” त्या म्हणाल्या, “एवढ्यात आई स्वतः चालत आली असती.”

शुक्रवारी यजमानांनी भर रस्त्यात, चारचौघांसमोर वाइंडिंगवाल्यांच्या कामाचा पाणउतारा केला. ते त्यांच्या मनाला लागले. शनिवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते स्वतः आमच्या दारात उभे राहिले व सरळ मागच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले.

“लाइट लावा,” ते म्हणाले.

“लावलाय की,” यजमान म्हणाले.

“हा लाइट?”

“इथे हाच असतो. बघा, आहे का खूण? चारही पांढऱ्या. आता बोला.”

वाइंडिंगवाल्यांनी वायरी डोळ्यांजवळ नेल्या, आणि मी प्रथमच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. खूण खरोखरच दिसत नव्हती. यजमान विजयी मुद्रेने उभे होते. बाहेर सकाळ वर चढत होती, वन्संची गाडी कधीही येणार होती, आणि हे दोन वडीलधारे गृहस्थ अंधारात चार वायरी हातात धरून उभे होते. माझा संयम संपला. मी पडदा असा ओढला की दांडीसकट खाली आला.

यजमान “कागद, कागद” असे म्हणत डब्यांकडे धावले. डबे बंदच होते. दिवसाचा उजेड आत आला, आणि दोन वायरींवर बोटभर रुंदीचे, थरावर थर दिलेले, तांबडेभडक पट्टे दिसू लागले.

 यजमानांनी पट्ट्यांकडे पाहिले, मग तांबड्या दिव्याकडे पाहिले. तांबडी शाई त्या उजेडात पांढऱ्यावर दिसत नाही, म्हणून कागदाच्या पाकिटांवर त्यांनी स्वतः जन्मभर निळ्या पेन्सिलीनेच लिहिले आहे. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर लगेचच शिकवली होती.

“डार्करूमच्या कामाला तांबडी खूण कोण करतं?” अखेर ते म्हणाले.

“तुम्ही ट्रान्सफॉर्मर सांगितलात,” वाइंडिंगवाले म्हणाले. “खोली नाही सांगितलीत.”

त्यांनी स्वतः वायरी जोडल्या. दिवा लागला, आणि अजिबात हलला नाही. मी चहा ठेवते म्हणाले, तर दुकानाची वेळ झाली असे सांगून ते निघाले. यजमान त्यांना फाटकापर्यंत सोडावयास गेले. तिथे ते काय बोलले ते मला ठाऊक नाही, परंतु बराच वेळ बोलत होते.

मी पडदा खिळ्यांनी ठोकून परत लावेपर्यंत वन्सं आल्या. सामान गाडीत होते. त्या थेट डार्करूममध्ये शिरल्या. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. कशालाही हात लावू नकोस, असे यजमानांनी त्यांना बजावले.

“मी तुला आंघोळी घातल्यात,” वन्सं म्हणाल्या, “आणि मला हात लावू नको म्हणतोस?”

 बऱ्याच वेळाने पाण्याचा ट्रे घेऊन दोघे बाहेर आली. ट्रेमध्ये सासूबाई होत्या, आणि त्यांचे डोळे दिसत होते. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. माझ्या लग्नापूर्वीच त्या गेल्या. वन्सं वाकून पाहत राहिल्या.

“ही तर वैतागलीय रे,” त्या म्हणाल्या. “किती वेळ उन्हात उभी केली होतीस तिला?”

“फोकस जमत नव्हता,” यजमान म्हणाले.

वन्सं हसल्या, मग पदराने डोळे टिपले, मग पुन्हा हसल्या. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्या ट्रेमध्ये हात घालणार, तोच यजमानांनी ट्रे मागे ओढला. प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर धुतलाच पाहिजे, कागदात हायपोचे रसायन राहिले तर तो पिवळा पडेल, आपण तसा प्रिंट कुणालाही दिलेला नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले.

“पडू दे पिवळा,” वन्सं म्हणाल्या. “मी कुठे नवी राहणार आहे?”

 यजमानांनी स्वतःच प्रिंट उचलला, निथळला, दोन स्वच्छ पंच्यांमध्ये ठेवला आणि वन्संच्या मांडीवर आडवा ठेवून दिला. नंतर गाडीच्या खिडकीशी उभे राहून ते सूचना देऊ लागले. पोहोचल्याबरोबर पाण्यात घाल. कोपऱ्याला धर, मध्ये बोट लावू नकोस. पाणी बदलत राहा. गाडी हलली, तरी ते खिडकीला धरून तिच्या बाजूने चालत राहिले. दारातून मला त्यांचे शब्द ऐकू येत नव्हते. परंतु त्यांच्या हाताच्या हालचालीवरून कळत होते की ते अजून पाणीच बदलत आहेत. वन्संनी काच वर केली नाही.