तिसरी ओळ

आमच्या सानगडीतच काय, जिल्हा फुटण्याआधीचा अख्खा जुना भंडारा धरला तरी, भात करपत असताना शांतपणे परदेशी गाणं ऐकत बसणारी बाई एकच, माझी शेजारीण. गोंदिया वेगळं झालं आणि तिकडून ही नर्सबाई बदलून आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक टेपरेकॉर्डर आणि नागपूरच्या जुन्या बाजारात भजनाची समजून घेतलेली, पाकीट नसलेली कॅसेट. भजन कुठलं! कुणी खर्जातला बुवा गिटारवर असा विव्हळायचा की मी भिंतीवरून ओरडले, "कोणाचं पोट दुखून राहिलं वं?"

"दुखूनच राहिलं, पण गाऊन राहिला ना! आमच्या डॉक्टरनं सांगतलं, याले ब्लूज म्हणतेत. शेतात राबणाऱ्या गुलामायच्या लेकरायचं गाणं हाय. ये, बस."

बसले ती बसलेच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत उत्तर द्यायचं, हे तिनंच समजावलं. मी म्हटलं, अवं, हे तर आमच्या भात-रोवणीच्या बायांच्या गाण्यासारखं झालं! तेवढं ऐकायचा अवकाश, रोवणी लागली तशी ही टेप घेऊन आमच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर हजर. बायांना बुवा फार आवडला. पण त्याची चाल संथ, म्हणून हातही संथ. दुपार कलली तरी भाताचे पऱ्हे, लावायची कोवळी रोपं, पेंढ्या बांधलेले तसेच पडून. आमच्या घरचे लाल झाले, "नर्सबाई, धान याच सालचं हाय ना!"

पुढं पुढं ती बोलायचीही तशीच. "भात करपला वं. भात करपला म्हणते. करपू दे, बुवाचं दुःख तर सरू दे."

नोकरी सरली आणि मुलानं तिला पुण्याला नेलं. टेप माझ्याकडे ठेवून गेली. सुनेला तो आवाज खपत नाही म्हणाली. आता संध्याकाळी मीच बुवाला लावते. दुसरी ओळ झाली की सवयीनं भिंतीकडे बघते.

परवा तिचा फोन आला. "मले करमत नाई वं," ती म्हणाली. थांबली. "मले करमत नाई म्हणते."

तिसरी ओळ मी द्यायची होती.

"पऱ्हे अजून पडूनच हायेत," मी म्हटलं. "तू ये."

रोवणी तर केव्हाच आटोपली होती.