दोन ठोक्यांच्या मधलं गाणं

भोंगाताईचा फोन आला की फोन कानापासून हातभर लांब धरायचा, हे तिच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. डब्यांच्या कारखान्यात ती पॉवर प्रेसवर झाकणं काढते. पायडल दाबलं की वरचा साचा धाडकन पत्र्यावर येतो, झाकण सुटून खाली पडतं, साचा वर जातो. अशा प्रेसच्या दोन लांब रांगा त्या शेडमध्ये आहेत. तिथं कुणाला काही सांगायचं तर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत सांगायचं. एक शब्द, फार तर तीन.

"चहा —" धाड्! "— आला!" धाड्!

सगळं तारुण्य तिथं गेल्यावर माणूस घरीही तसंच बोलणार. "भाजी!" मग थांबणार. "खारट झालीय!" नवख्याला वाटतं, बाई भांडायलाच उठलीय. सासूबाईंना मात्र कमी ऐकू येतं, त्यामुळे सासूसुनेचं झकास जमतं.

गाणं सुचलं ते सासूबाईंमुळंच. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अगं, आज वार कुठला?"

भोंगाताईला काही आठवेना. "कामाचा!" ती म्हणाली, आणि स्वतःच चपापली. गेले कित्येक रविवार तिनं डबल पगारासाठी प्रेसवर काढले होते. दुसऱ्या दिवशी पायडल दाबता दाबता तिच्या तोंडून संताप बाहेर पडायला लागला, तोही फटीफटीतून:

*माझे हात — तुझे!*
*माझी झोप — तुझी!*
*माझा रविवार — तुझा!*
*तुझं काय रे, तुझं काय?*
*तुला ना पोट, ना तुला पाय,*
*तरी आम्ही मागं धावतोय,*
*पैशा, तुझं काय रे, तुझं काय?*

शेजारच्या प्रेसवरचा ठोक्या सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवायचा. त्यानं ऐकलं आणि हातातला पत्राच खाली ठेवला. भोंगाताईचा धाकटा दीर गीझर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात गिटार घेऊन शेजाऱ्यांचे शाप खातो. झाला बॅण्ड उभा.

उभा झाला आणि दोनदा आडवाही झाला. पहिला कार्यक्रम ठरला त्याच दिवशी डबल पगाराचं काम निघालं आणि गाणारी प्रेसवर गेली. त्या पैशांतून सासूबाईंच्या दातांची कवळी आली. दुसऱ्या वेळी फ्रिज आला. त्या दिवशी दिरानं स्वतःच गायचा प्रयत्न केला, तर अर्धा हॉल चहा प्यायला उठून गेला.

"वहिनी," दीर म्हणाला, "तुम्ही गाण्यात पैशाला शिव्या घालता, आणि त्यानं नुसती शिट्टी मारली की चपला घालून निघता. आता हा तिसरा कार्यक्रम. याही वेळी निघालात तर आम्ही दुसरी गाणारी बघू. मग गाणं तिचं."

भोंगाताईनं कॅलेंडरवर कार्यक्रमाच्या रविवारभोवती गोल काढला.

आणि शुक्रवारी सुपरवायझर साहेब आले. साहेब ऑफिसात बसणारे, त्यांची वाक्यं लांबलचक. शेडमध्ये ती प्रेसच्या धडधडीत चिरडून जायची, म्हणून ते माणसाला बाहेर व्हरांड्यात बोलवायचे.

"हे बघा ताई, रविवारी मोठी ऑर्डर जायचीय. डबल पगार तर आहेच, पण इनचार्जची जागाही रिकामी होतेय. मी तुमचंच नाव धरलंय. रविवारी मात्र तुम्ही इथं दिसायला हव्यात. समजतंय ना मी काय म्हणतोय?"

समजत होतं. इनचार्ज झाली असती तर पायडल सुटलं असतं, गुडघ्याचं दुखणं सुटलं असतं. तिनं घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

सासूबाईंनी कवळी नीट बसवली. "माझे दात झाले. फ्रिज झाला. आता काय आणणार आहेस?"

"इनचार्ज होईन, आई!"

"मग रविवारी सुट्टी देतील?"

भोंगाताई फ्रिजचं दार उघडून उगाच आत बघायला लागली.

"तुझ्याच पैशाच्या दातांनी सांगते, जा आणि गा. आणि मला पुढच्या रांगेत बसव. मागून मला काही ऐकू यायचं नाही."

रविवारी दुपारी हॉल भरला. शेडमधली ज्यांना सुट्टी होती ती सगळी माणसं आली होती. हॉलवाला आधीच सांगत होता, "आवाज बेतानं ठेवा, इथलं वायरिंग जुनं आहे."

पण प्रेसवर कान घालवलेली माणसं ती! ठोक्या म्हणाला, "याला काय आवाज म्हणायचं?" भोंगाताई म्हणाली, "मला तर —" थांबली. "— कुजबुज वाटतेय!" दिरानं होती नव्हती ती सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. गिटारचा पहिला सूर निघाला आणि फट्! दिवे गेले, माइक गेला, गिटार नुसती तारांची पेटी झाली.

हॉलवाल्यानं कपाळावर हात मारला. मागच्या रांगांत खुर्च्या सरकायला लागल्या. दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, संपलं."

भोंगाताईनं ठोक्याकडं पाहिलं. खिडकीतून येत होता तेवढा उजेड पुरे होता. "प्रेस —" ती म्हणाली. "— चालू कर!"

ठोक्यानं मोठ्या ड्रमवर पाय मारला. धाड्! फट. धाड्! फट. आणि त्या फटीत ती उतरली:

"माझे हात —" धाड्! "— तुझे!"

जो आवाज दोन रांगांच्या प्रेसला पुरून उरला होता, त्याला माइक कशाला लागतो? खिडकीच्या काचा थरथरल्या. उठलेली माणसं उभी राहिली, पण आता जाण्यासाठी नाही. शेडची माणसं पाय आपटायला लागली, जसं पायडल दाबतात तसं, एकदम, एका तालात. "माझा रविवार!" ती ओरडली आणि सगळा हॉल ड्रमच्या ठोक्यानंतर गरजला, "तुझा!" शेवटच्या "तुझं काय रे" ला सासूबाई खुर्चीवर उभ्या होत्या आणि कवळी हातात घेऊन ती नाचवत होत्या.

सोमवारी साहेबांनी तिला व्हरांड्यात बोलावलंच नाही. प्रेसपाशी येऊन कानाशी ओरडले, "जागा सात नंबरवाल्याला दिलीय!"

"बरं —" धाड्! "— केलंत!"

साहेब वळतात न वळतात तोच शेडच्या पार टोकाकडून कुणीतरी फटीत शब्द टाकला, "माझी झोप —" आणि दोन्ही रांगांनी उत्तर दिलं, "— तुझी!" झाकणं नेहमीसारखी खाली पडत होती, काम कुठंच अडलं नव्हतं. साहेबांनी हात वर करून एक लांबलचक वाक्य सुरू केलं. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. नव्या इनचार्जनं कानामागं हात धरला, मान डोलावली आणि पुढच्या फटीत सगळ्यांत मोठ्यांदा ओरडला,

"तुझं काय रे —" धाड्! "— तुझं काय?"