अरुणा बदरपूरला उतरली

अरुणा पाटणकरला भीती वाटायची, आणि ती ते कधी लपवत नसे. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण बघायची, मग अंथरुणातून उठून पुन्हा बघायची. मुलगी मिनू शाळेच्या बसमध्ये चढली तरी बस वळणापलीकडे जाईपर्यंत जागची हलायची नाही. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये तिची थट्टा ठरलेली. तीही हसायची. हसून झालं की पुन्हा बटण बघायला जायची.

तिचा नवरा उल्हास अगदी उलटा. मंत्रालयात असिस्टंट होता आणि चालत्या बसमधून उडी मारून उतरण्यात पटाईत. "तुझी भीती ऐकत बसलो असतो तर आपण अजून साताऱ्यातच असतो," असं तो येताजाता म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. म्हणून तर अरुणाला स्वतःच्या भीतीवर कधी पुरता भरवसा ठेवता आला नाही.

एक्याण्णव साली दिवाळीनंतरच्या रविवारी तिघंही फरीदाबादला गेली. तिथल्या चोप्रा नावाच्या माणसाला आपली जुनी गाडी विकायची होती. छोटी, पांढरी, धुऊनपुसून लख्ख केलेली. मिनू मागच्या सीटवर उड्याच मारायला लागली. उल्हासनं किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं आणि समोर वेगाच्या काट्याखाली बाकीच्या दिव्यांबरोबर एक लाल दिवा लागला. बाकीचे विझले, हा तेवढा राहिला.

"हा कसला हो?" अरुणानं खिडकीतून वाकून विचारलं.

"कुछ नहीं भाभीजी," चोप्रा हसला. "हँडब्रेक की तार ज़रा ढीली है. दो साल से ऐसे ही चल रही है."

त्यानं दिव्याच्या वरच्या काचेवर टिचकी मारली. दिवा विझला. "देखा?"

उल्हासही हसला. चहा झाला, बर्फी झाली, कागदांवर सह्या झाल्या. चोप्राच्या बायकोनं गाडीला हळदीकुंकवासारखं काहीतरी लावलं, आणि दुपार कलायच्या आत ते आपल्या गाडीतून दिल्लीकडे निघाले.

मथुरा रोडवर ट्रकांची रांग होती. मिनू मागून गाणी म्हणत होती. अरुणाची नजर त्या काचेवरून हलेना. सरळ रस्त्यावर दिवा विझलेला असायचा. उल्हासनं वळण घेतलं की लागायचा, पुन्हा सरळ झालं की विझायचा. एका ट्रकमागे त्यानं ब्रेक दाबला तेव्हा तो बराच वेळ लागून राहिला.

"अहो, परत लागला."

"अगं, सांगितलं ना त्यांनी. तार ढिली आहे."

"पण तार हँडब्रेकची ना? मग वळलं की दिवा कसा लागतो?"

"आता तू मला गाडी शिकव."

ती पुन्हा काचेकडे वळली. मग तिला दुसरी गोष्ट दिसली. निघताना उल्हास ब्रेकवर नुसता पाय टेकवायचा आणि गाडी थांबायची. आता तो एकदा दाबत होता, सोडून पुन्हा दाबत होता. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. अरुणानं रस्त्याकडे बघितलं. पुढं सायकली, म्हशी, शाळा सुटावी तशी माणसं. आणि मागं मिनू, दोन सीटच्या मध्ये उभी.

"गाडी थांबवा."

"काय झालं?"

"थांबवा म्हणते ना! मला उतरायचंय. मिनूलाही."

बदरपूरच्या बस स्टॉपजवळ त्यानं गाडी कडेला घेतली. स्टॉपवरची माणसं बघायला लागली, तसा त्याचा चेहरा लाल झाला. "लोकांसमोर तमाशा करू नकोस, अरुणा."

"तुम्हीही उतरा. गाडी इथंच राहू दे. कुणाला तरी दाखवून मग नेऊ."

"पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर टाकून बसनं घरी जाऊ? यार, हद्द झाली तुझी."

"आई, मला नाही उतरायचं," मिनू रडकुंडीला आली. अरुणानं तिला दंडाला धरून ओढलंच. दार जोरात लागलं. क्षणभर गाडी तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, उतरतोय. मग गाडीनं वेग घेतला आणि ती दोन ट्रकांच्या मध्ये दिसेनाशी झाली.

बस यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात अरुणानं स्वतःला हजारदा मूर्ख ठरवलं. घरी पोचल्यावर तो चहा पीत बसलेला असेल, आठवडाभर बोलणार नाही, मग कॉलनीभर सांगून हसवेल. असंच होऊ दे, असं ती मनात म्हणत राहिली.

आश्रम नावाच्या चौकाआधी बस अडकली. उजवीकडची माणसं उठून खिडक्यांतून वाकली. मिनू अरुणाच्या मांडीवर झोपली होती.

"क्या हुआ?" कुणीतरी विचारलं.

"किसी गाड़ी ने रेहड़ी उड़ा दी," कंडक्टर म्हणाला.

माणसांच्या खांद्यांमधून तिला हातगाडीवरून रस्त्यावर विखुरलेले टोमॅटो दिसले. त्यांच्या पलीकडे काहीतरी पांढरं होतं. ते भिंतीचं होतं, कपड्याचं होतं की गाडीचं, हे बघायला फक्त उभं राहायला हवं होतं. अरुणाला उभं राहता आलं नाही. मिनूच्या केसांवर हात ठेवून ती समोरच्या सीटच्या गंजक्या दांडीकडे बघत राहिली. बस सुटली. दिल्लीत पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत, असं ती मोतीबागेपर्यंत मनात म्हणत होती.

क्वार्टरला कुलूप होतं. खाली गाडी नव्हती.

मिनूला दूध देऊन ती जिन्यात येऊन उभी राहिली. अंधार पडायला लागला. प्रत्येक गाडीचा आवाज जवळ यायचा आणि पुढं निघून जायचा. तळमजल्यावर लताकडे फोन होता. अरुणा खाली जाऊन तिच्या दारात उभी राहिली.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीयस."

"आश्रमला गर्दी होती," अरुणा म्हणाली. "मी बघितलं नाही, लता. मी बसमध्येच होते. मी उठलेच नाही."

लतानं तिला खुर्चीत बसवलं. तिचा नवरा दिनकर चप्पल घालून स्कूटर काढायला गेला.

तो परतला तेव्हा मागं उल्हास बसला होता. त्याच्या शर्टावर वाळलेलं रक्त होतं. अरुणानं त्याचे हात, डोकं, खांदे चाचपले.

"माझं नाही ते," उल्हास म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "पाय खाली गेला गं. पार खाली. काही लागलंच नाही."

ब्रेकचं तेल मागच्या चाकातून गळत होतं; तो लाल दिवा तेच सांगत होता. सिग्नलपाशी ते संपलं. समोरची स्कूटर वाचवायला त्यानं गाडी कडेला घातली आणि तिथं भाजीची रेहडी होती. रेहडीवाल्याचा पाय मोडला. मग गाडी भिंतीवर आदळली आणि मागचं सीट सुटून पुढं आलं. हे शेवटचं त्यानं मिनू झोपल्यावर सांगितलं.

रेहडीवाल्याचं नाव रामसुमेर. त्याला सफदरजंग हॉस्पिटलात ठेवलं होतं. उल्हास पोलिसांत, कोर्टात हेलपाटे घालत होता, पण त्या वॉर्डात जायचं धैर्य त्याला होईना. मग अरुणा डबा घेऊन निघाली. तो शिव्या देईल, तळतळाट करेल, या भीतीनं ती दारातून एकदा मागं फिरलीसुद्धा. रामसुमेरनं डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आप भी थीं गाड़ी में?"

"नहीं. मैं और मेरी बेटी पहले उतर गए थे."

"बिटिया भी?" तो उशीला टेकला. "चलो, अच्छा हुआ."

अरुणा तिथंच स्टुलावर बसून रडली. पुढं तो लंगडत का होईना चालायला लागेपर्यंत ती डबा नेत राहिली. त्याची नवी रेहडी उल्हासनं करून दिली. चोप्राचं घर मात्र बंद होतं आणि बंदच राहिलं.

गाडी दुरुस्त होऊन आली, पण उल्हासनं ती पुन्हा चालवली नाही. स्टिअरिंगला बसला की ब्रेक दोनतीनदा दाबून बघायचा आणि खाली उतरायचा.  शेवटी गाडी शिकली ती अरुणा. सगळी कॉलनी बघायला गॅलरीत जमली होती. तिची भीती काही गेली नाही. ती भीती तशीच सोबत घेऊन ती चालवायची. निघण्यापूर्वी जागच्या जागी ब्रेक दाबून बघायची, मागून कितीही हॉर्न वाजले तरी.

काही वर्षांनी संक्रांतीला महिला मंडळातल्या तिघींना घेऊन ती पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनाला, काला अंबच्या स्मारकाकडे निघाली. सोनीपतच्या पुढं धुकं इतकं दाटलं की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात. अरुणानं गाडी एका ढाब्याच्या अंगणात घेतली आणि किल्ली काढली.

"अगं, बाकीचे जातायत ना!" मागून प्रभा म्हणाली. "हळूहळू जाऊ की. कार्यक्रम चुकेल."

"जाऊ देत त्यांना. मला रस्ता दिसत नाहीये."

ऊन वर येईपर्यंत चौघी तिथं बसल्या. प्रभा फुरंगटून दुसऱ्या बाकावर. त्या पोचल्या तेव्हा भाषणं संपली होती, माणसं खुर्च्या उचलत होती. त्यांनी सोबत नेलेला हार स्मारकाला वाहिला आणि थोडा वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

"उगाच उशीर केलास," परतताना प्रभा म्हणाली.

"हो, केला," अरुणा म्हणाली, आणि वळणापाशी तिनं गाडी आणखी हळू केली.