चुन्याचं कडं

सकाळी चुना भिजवला आणि त्या वासाने सगुणाकाकी आठवली. ऐंशीच्या दशकात आमच्या गावात प्रत्येक घर आपलं एक काजूचं झाड शिक्षण निधीला द्यायचं. त्या झाडांच्या बियांवर गावातली मुलं सावंतवाडीला शिकायची, मीही त्यातलीच. निधीच्या झाडांना चुन्याचं कडं काढत फिरणारे गुरुजी शेजारच्या सगुणाकाकीकडे येऊन थबकले.

"रवांदे, वयनी, तुमचा एकच झाड आसा," म्हणत ते परत वळू लागले.

काकीने त्यांच्या हातातला कुंचा घेतला. "एकच आसा, म्हणजे निवडूचो तरास नाय," म्हणत तिने स्वतःच कडं ओढलं.

तेव्हा मी हसले होते. आज माझी चाळीस झाडं आहेत, आणि कुंचा घेऊन मी मघापासून निधीला द्यायला त्यातलं कमी काजू धरणारं झाड शोधते आहे.