कढईतला भात

लेक बघते त्या कोरियन मालिकेतली नायिका चिडली की मोठ्या वाडग्यात भात कालवते आणि मांडी घालून गाल फुगेस्तोवर खाते. रडतेही तशीच, तोंडात घास ठेवून, नाक पुसत. आपल्या मालिकांतल्या बायका रडताना काजळसुद्धा पसरू देत नाहीत. तिला पाहिल्यापासून मला चैन नाही.

लहानपणी मी कढईत भात कालवला की आई ओरडायची, "कढईत खाऊ नकोस, लग्नात पाऊस पडेल."

लग्न होऊन वर्षं लोटली. आज दुपारी वांग्याच्या भाजीच्या कढईतच भात कालवला आणि ओट्याशी खालीच बसले.

लेक दारात थबकली. "आई, कुणावर चिडलीयेस?"

मी नाव शोधत राहिले आणि घास मोठे होत गेले.