पडदा उतरवण्याआधीचा फोटो

आमच्या लग्नाचा फोटो नाही. नवरदेवच फोटोग्राफर, मग काढणार कोण, असं हे सगळ्यांना सांगतात. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्याच्या हातात आपला कॅमेरा द्यायला यांचा जीव झाला नाही. पुढेही तेच चाललं. मुलीबरोबर मी आहे, पाहुण्यांच्या घोळक्यात मी आहे, हे कुठेच नाहीत. जिथे फोटो चांगला आलाय तिथे हे होते, एवढंच समजायचं.

आता स्टुडिओ बंद करायचा ठरलं. यांचे गुडघे गेले, आणि लोक आपापले फोटो मोबाइलवर काढायला लागले. दिवे उतरवले, खोकी बांधली. मागचा निळा पडदा तेवढा राहिला होता. मी म्हटलं, तो उतरवण्याआधी त्याच्यापुढे आपला दोघांचा एक फोटो काढा. आजवर काही मागितलं नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळ मागितलं. पण हा फोटो मला मनापासून हवा होता.

जुन्या कॅमेऱ्याने कधीच राम म्हटला होता. मुलीने पाठवलेला नवा डिजिटल कॅमेरा होता, पण त्याला हे बिचकून असायचे. जुन्याला हे ‘चल रे’ म्हणत. त्याला दोन कड्या होत्या, एक उजेडाची, एक वेळेची. त्या फिरवताना हे गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, बोटांना आपोआप कळायचं. नव्याला मात्र ‘अहो’. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर एक यादी उघडली की तिच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. बर्फासाठी वेगळी सेटिंग, जेवणाच्या ताटासाठी वेगळी, कुत्र्याच्या डोळ्यांसाठीसुद्धा वेगळी. एक बदललं की दुसरं आपोआप बदलायचं आणि तिसरं बंदच व्हायचं. सोबतचं माहितीपुस्तक यांनी वाचायला घेतलं आणि छातीवर ठेवून झोपून गेले.

त्या दुपारी दोन स्टुलं मांडली. मी चांगली साडी नेसून एकावर बसले. यांनी कॅमेरा स्टँडवर चढवला आणि चष्मा कपाळावर सरकवून बटणं दाबायला लागले.

“अहो, थोडा वेळ दिलात की आपोआप फोटो निघतो ना? मुलगी म्हणाली होती.”

“तेच शोधतोय. तू हलू नकोस.”

यांनी काय काय चालू केलं देव जाणे. मग येऊन शेजारी बसायचे, पाठ ताठ, हनुवटी खाली. आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे बघतोय आणि तो आमच्याकडे. काही नाही. हे गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, पुन्हा तिकडे. “घ्या की हो आता,” असं हळूच कॅमेऱ्याला म्हणायचे. मला हसू यायचं. तेवढ्यात खट्‌ असा आवाज व्हायचा, आणि चुकून बोट लागलं म्हणून हे चरफडायचे. हेच किती वेळ चाललं. माझी कंबर धरली, हसूही आटलं.

शेवटी मी मुलीला मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. आधी तिने कॅमेऱ्यात निघालेले फोटो दाखवायला सांगितले. ते पाहून म्हणाली, “बाबा, तुम्ही हसण्याची सेटिंग लावलीय. समोरचं माणूस हसलं की तो फोटो काढतो. नाही हसलं तर बसून राहतो.”

मग मीही ते फोटो पाहिले. सगळ्यांत मी हसतेय, आणि शेजारचं स्टूल रिकामं. पुढे मी एकटी उरले की असे फोटो आपोआप निघतील, त्यासाठी नवा कॅमेरा कशाला हवा? यांनी स्टुलाकडे पाहिलं आणि ते माझ्या आणखी जवळ ओढलं.

ती सेटिंग बंद करायला गेले, तर ती कुठल्या यादीत होती तेच सापडेना. “माझं हसून झालं, आता तुम्ही हसा ना,” मी म्हटलं. हे बसले आणि हसले. म्हणजे दात दाखवले, डॉक्टरला दाखवतात तसे. कॅमेऱ्याला पटलं नाही. पुन्हा दाखवले. आयुष्यभर लोकांना हसा हसा म्हणणारा माणूस, घामाघूम झाला.

“राहू दे,” हे म्हणाले. “माझ्याच्याने होत नाही.” उठताना गुडघ्यातून कळ आली, म्हणून यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि कॅमेऱ्याला म्हणाले, “तुम्ही बसा हो, आम्ही निघतो.”

मी हसले. खट्‌.

फोटोत मी हसतेय. खांद्यावरचा यांचा हात अगदी स्पष्ट आलाय, नखंसुद्धा दिसतात. चेहरा मात्र नुसता पुसट डाग.

“हलला,” हे म्हणाले. “असा फोटो मी गिऱ्हाइकाला कधी दिला नसता. बस, परत घेऊ.”

“मी गिऱ्हाईक नाही,” मी म्हटलं.

हे पुन्हा बटणांशी झटायला लागले होते. मी उठले, कोपऱ्यातली दोरी सोडली आणि पडदा खाली घेतला. मागे पोपडे आलेली भिंत निघाली. हे बघत राहिले, मग कॅमेरा बंद करून पडद्याचं दुसरं टोक धरायला आले.