नमुन्यात सापडलेले शेखसर

शेखसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. दहाला कॉलेजात भेटायचं ठरलं होतं आणि साडेअकरा झाले तरी स्वारीचा पत्ता नाही. मनातल्या मनात यथेच्छ बोलणी सुनावत होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, रुबिनाभाभींचा फोन आला. सर सकाळी चहा घेता घेताच गेले होते... म्हणजे दीड तास मी ज्याच्याशी भांडत होते, तो माणूस नव्हताच.

वीस वर्षं आम्ही नाशकात एकाच विभागात वनस्पतिशास्त्र शिकवलं. सर येवल्याच्या विणकर घरातले, रेशमाचे धागे मोजत वाढलेले. "शेवाळावर आयुष्य घालवलंत," असं मी चिडवलं की म्हणायचे, "मॅडम, शेवाळ तळ्यात. हे मॉस." तीन वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या डोंगरात एका ओल्या कातळावर त्यांना एक मॉस मिळालं. जाणकार म्हणाले, जुनीच प्रजाती. त्या शहाण्यांत मीही होते, याची आज लाज वाटते. सर मात्र भिंगातून दाखवत राहिले, पानाच्या कडेचे दात उलटे वळलेत म्हणून. पुढे रस्त्यासाठी तो कातळच फोडला. उरलं पाकिटातलं चिमूटभर मॉस. ते सगळंच्या सगळं त्यांनी जनुकीय तपासणीसाठी पुण्याच्या लॅबला पाठवलं आणि दहा दिवसांत स्वतः गेले.

परवा भाभींबरोबर त्यांच्या खोलीतली पाकिटं लावत होते, तेव्हा लॅबमधल्या मुलीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मॅडम, ही नवीनच प्रजाती आहे. कशाशीच जुळत नाही. पण... सॅम्पलमध्ये माणूस आहे."

मी फोन जवळ ओढला. "हाताळताना कुणाचा तरी डीएनए लागला असेल."

"इतका नाही लागत. आणि पुरुषाचा आहे. इथे आम्ही सगळ्या मुलीच आहोत."

मग आठवलं. वाळलेलं मॉस उलगडायला आपण पाण्याचा थेंब टाकतो. सर या मॉसची काडी सरळ जिभेच्या टोकावर ठेवायचे. वर्षभर मेल्यासारखं पडलेलं मॉस तिथे क्षणात हिरवं होऊन पानं पसरायचं. "शी, सर!" मी ओरडायचे. "पाणी आणेपर्यंत कोण थांबतं, मॅडम?" म्हणत ते काडी पुन्हा पाकिटात टाकायचे. तीन वर्षांत किती वेळा टाकली असेल, कुणास ठाऊक.

"तपासणीची फाइल जनुकपेढीत जमा करण्याआधी माणसाचा भाग काढावाच लागतो," मुलगी म्हणाली. "मूळ फाइलही द्यावी लागते, तिच्यातूनही पुसते. पुसू ना?"

विद्यार्थ्यांना 'नमुना स्वच्छ ठेवा' म्हणून मीच आयुष्यभर दटावलं. तरी तोंडातून 'हो' निघेना.

"काय पुसायचं म्हणते ती?" भाभींनी विचारलं. मी सांगितलं.

"राहू दिलं तर?"

"तर फाइल घेणार नाहीत. सरांचं मॉस नवीन ठरणार नाही."

"मग पुसू द्या. तीन साल त्याच्यामागे जीव टाकला त्यांनी."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. "झालं, मॅडम."

भाभींनी ओढणी डोक्यावर घेतली आणि मौतीची खबर आली की त्यांच्यात म्हणतात ते शब्द हळूच म्हटले.